वाचकांचे प्रश्न : शेतांमधला विमानतळ

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या हंटरडन काउंटीमध्ये रेडिंग्टन नावाची जुनी शेतकरी वस्ती आहे. तेथील सोलबर्ग विमानतळाविषयी आलेल्या तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही ब्रिजवॉटरला राहतो. जुलैमध्ये मुलांना घेऊन शेजारच्या रेडिंग्टनला गरम हवेच्या फुग्यांचा महोत्सव पाहायला जातो. तो भरतो ती जागा विमानतळाची आहे असे समजले. पण तिथे ना प्रवासी दिसतात, ना तिकिटाची खिडकी. सगळीकडे शेते आणि गवत. असा विमानतळ कोणाच्या उपयोगाचा?
— एक वाचक, ब्रिजवॉटर

उत्तर : ठरलेल्या वेळापत्रकाने प्रवासी नेणाऱ्या कंपन्या आणि लष्कर यांना बाजूला ठेवले, की उरलेल्या जवळजवळ सगळ्या उड्डाणांना ‘जनरल एव्हिएशन’ म्हणतात. वैमानिक होण्याचे शिक्षण, खासगी छोटी विमाने, रुग्णांना नेणारी हेलिकॉप्टरे, पिकांवरची हवाई फवारणी, हवाई छायाचित्रण हे सारे त्यात येते. अमेरिकेत सर्वांना खुले असलेले सुमारे पाच हजार विमानतळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर नियमित प्रवासी सेवा नाही. सोलबर्ग त्यांपैकीच एक असून तो खासगी मालकीचा आहे. येथे नियंत्रण मनोरा नाही. आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत हे प्रत्येक वैमानिक एका सामायिक रेडिओ लहरीवर सांगतो, इतरांचे ऐकतो आणि त्या शिस्तीवर उतरणे-उडणे चालते. एक धावपट्टी बरीचशी डांबरी आहे, तर दुसरी चक्क गवताची.

हा विमानतळ उभारणारे थोर सोलबर्ग मूळचे नॉर्वेचे. १९३५ साली त्यांनी पाण्यावर उतरू शकणाऱ्या विमानातून न्यूयॉर्कहून ग्रीनलँड आणि आइसलँडमार्गे नॉर्वेतील बर्गन गाठले होते. त्यानंतर काही वर्षांतच त्यांनी रेडिंग्टनमधली ही जमीन घेतली आणि १९६७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मुलांनी कारभार पुढे चालवला. रेडिंग्टनची स्थापना १७३० सालची. पहिल्या वसाहतकऱ्यांत डच शेतकरी कुटुंबे पुष्कळ होती आणि त्यांच्या धाटणीचे १७४१ चे एक दगडी घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. फुग्यांसाठी जाल तेव्हा तेही जरूर पाहावे.

प्रश्न : आमच्या पुरंदर तालुक्यात विमानतळासाठी सात गावांच्या जमिनी घेण्याचा विषय अनेक वर्षे धगधगतो आहे. रेडिंग्टनमध्ये मात्र विमानतळाचीच जमीन स्थानिक शासन सक्तीने घ्यायला निघाले होते, असे वाचले. हे खरे आहे का? आणि शेती व विमानतळ शेजारी-शेजारी नांदू शकतात का?
— एक वाचक, सासवड

उत्तर : खरे आहे. सोलबर्ग कुटुंबाकडे एकूण सातशेहून अधिक एकर जमीन असून प्रत्यक्ष विमानतळाला त्यातली शंभरेक एकर लागते. बाकी शेते, गवताळ राने आणि झाडी. १९९० च्या दशकात मुख्य धावपट्टी सुमारे ४,९०० फुटांपर्यंत वाढवण्याचा आराखडा पुढे आला, तेव्हा येथे जेट विमाने येऊ लागतील, आवाज वाढेल आणि गावाचे रूप पालटेल, अशी धास्ती रहिवाशांनी घेतली. ही धास्ती आम्हाला खोटी वाटत नाही. शांत शेतकरी गाव म्हणून आयुष्यभराची पुंजी घालून जिथे घर घेतले, तिथे असा आराखडा पाहून माणूस अस्वस्थ होणारच.

पुढे २००६ मध्ये टाउनशिपने, म्हणजे रेडिंग्टनच्या स्थानिक शासनाने, जमीन विकत घेण्यासाठी २ कोटी २० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव सार्वमताला टाकला आणि मतदारांनी तो मंजूर केला. त्यानंतर सक्तीच्या भूसंपादनाचा दावा दाखल झाला. सुमारे ६२५ एकर जमीन पूर्ण मालकीने घ्यायची आणि विमानतळाच्या उरलेल्या जागेचे विकासहक्क, म्हणजे तिथे बांधकाम करण्याचे हक्क, काढून घ्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. कारण सांगितले गेले ते मोकळी जागा आणि शेतजमीन राखण्याचे. पहिल्या टप्प्यात निकाल टाउनशिपच्या बाजूने लागला. पण टाउनशिपचा खरा हेतू काय याची सविस्तर सुनावणी व्हायला हवी, असे सांगून अपील न्यायालयाने २००९ मध्ये प्रकरण परत पाठवले. २०१५ मध्ये न्यायाधीश पॉल आर्मस्ट्राँग यांनी भूसंपादन रद्द ठरवले. मोकळी जागा राखण्याचे कारण पुढे केले असले, तरी खरा उद्देश विमानतळाच्या कामकाजावर ताबा मिळवून त्याची वाढ रोखण्याचा होता, असा त्या निकालाचा गाभा आहे.

या वादातली खंत वाटावी अशी गोष्ट ही, की जी मोकळी जमीन गावाला राखायची होती, ती आजवर घरांच्या वसाहतींखाली गेली नव्हती याचे एक मोठे कारण तिथे विमानतळ असणे हेच होते. ज्या मालकांनी विकासकांना जमीन विकली नाही, त्यांच्याशीच गाव वर्षानुवर्षे न्यायालयात भांडत राहिले आणि त्यासाठीचा पैसा करदात्यांचा होता.

शेती राखण्याचा सरळ मार्ग न्यू जर्सीत १९८० च्या दशकापासून उपलब्ध आहे. शेतकरी स्वखुशीने आपल्या जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क शासनाला विकतो आणि बाजारभाव व निव्वळ शेतीमूल्य यांतला फरक ढोबळमानाने त्याला मोबदला म्हणून मिळतो. मालकी त्याचीच राहते, तो कसतो, विकतो, वारसांना देतो. मात्र त्या जमिनीवर वसाहत कधीच उभी राहू शकत नाही. या मार्गाने हंटरडन काउंटीत पुष्कळ शेते कायमची सुरक्षित झाली आहेत. सौदा दोघांच्या संमतीचा असल्यामुळे त्यात हेतूवर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

शेजारी-शेजारी नांदण्याबद्दल विचाराल, तर छोट्या धावपट्टीच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना उंच इमारती आणि दाट वस्ती नको असते आणि मका, सोयाबीन किंवा गवताच्या शेताला त्याची अडचण नसते. पुरंदरचा प्रश्न मात्र या मापाने मोजता येणार नाही. आंतरराष्ट्रीय विमानतळाला हजारो एकर लागतात, तिथे शेती विमानतळाशेजारी राहत नाही, ती विमानतळाखाली जाते. दोन्हीकडे सामायिक आहे ती एवढीच अपेक्षा, की सक्तीने जमीन घेणाऱ्याने खरे कारण उघडपणे सांगावे आणि ते न्यायालयात टिकावे.

प्रश्न : याच भागात घर घेण्याचा विचार आहे. विमानांचा आवाज आणि इंधनातील शिसे यांची काळजी वाटते. टाउनशिप उड्डाणांवर बंदी घालू शकते का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : नाही. हवेतील विमानांचे नियमन केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाकडे असते, स्थानिक संस्थेकडे नसते. विरळ वस्तीच्या भागात माणसे, वाहने आणि बांधकामे यांच्यापासून किमान ५०० फूट अंतर राखावे लागते, पण उतरताना आणि उडताना ही अट लागू नसते. म्हणून धावपट्टीच्या सरळ रेषेतले घर आणि बाजूचे घर यांत मोठा फरक पडतो. शनिवार-रविवारी हवा स्वच्छ असताना दोन-तीन तास त्या रस्त्यावर थांबून स्वतःच्या कानांनी अंदाज घ्यावा.

शिशाची काळजी रास्त आहे. पिस्टन इंजिनाच्या बहुतेक विमानांत अजूनही शिसेयुक्त पेट्रोल वापरले जाते. त्यातून होणारे प्रदूषण सार्वजनिक आरोग्याला धोकादायक असल्याचा निष्कर्ष अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे काढला. शिसेविरहित पर्यायांना मान्यता मिळू लागली असून २०३० च्या अखेरीपर्यंत जुने इंधन बंद करण्याचे उद्दिष्ट आहे. लहान मुले घरात असतील, तर हा मुद्दा आम्ही आवाजाच्याही आधी धरू.

न्यू जर्सीच्या १९८३ च्या कायद्यानुसार विमानतळालगतच्या ठरावीक पट्ट्यात बांधकामावर निर्बंध असतात आणि मालमत्ता त्या पट्ट्यात येत असल्यास विक्रेत्याने तसे खरेदीदाराला कळवायचे असते. तेव्हा इसार देण्यापूर्वी ही माहिती लेखी मागावी आणि टाउनशिपच्या कार्यालयात नकाशावर आपला भूखंड स्वतः शोधून पाहावा.