गावी शेती करणाऱ्या भावाचा ताण पुण्यात राहून कसा हलका करता येईल?

आपण लिहिले आहे की आपण पुण्यात नोकरी करता, गावी कांदा आणि टोमॅटो करणारा भाऊ दोन हंगाम तोट्यात गेल्यापासून बोलेनासा झाला आहे आणि त्याला ध्यानधारणेचे एखादे ॲप पाठवावे का, असा आपला प्रश्न आहे. पाठवू नका. हा मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे, म्हणून इतक्या स्पष्टपणे सांगतो.

मी भोसरीत राहतो. जुन्नर तालुक्यातील आमची साडेचार एकर शेती थोरला भाऊ सांभाळतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा दादाचा पावसाळी कांदा नुकताच काढून रानात पडलेला होता. हा कांदा टिकत नाही. उन्हाळी कांद्यासारखा कांदाचाळीत (साठवणीच्या हवेशीर छपरात) भरून भावाची वाट पाहता येत नाही, त्यामुळे मिळेल त्या दराने तो विकावाच लागतो. आठवडाभरात आमच्या पट्टीवरचा, म्हणजे बाजारातील विक्रीच्या पावतीवरचा, दर जवळपास अर्ध्यावर आला. मी इकडून दादाला सकारात्मक विचारांचे व्हिडिओ पाठवत होतो, तो प्रत्येकावर अंगठा पाठवत होता आणि माझी समजूत अशी होती की त्याला ते पटत आहे.

मग एके संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, हे रात्री पाणी भरायला म्हणून जातात, पण मोटार चालूच करत नाहीत, नुसते बांधावर बसून राहतात," असे ती म्हणाली. आमच्याकडे तेव्हा शेतीची वीज बहुतेक वेळा रात्रीच्या पाळीला यायची आणि बिबट्याच्या भीतीने कोणी एकटे रानात जात नाही. दोघे मिळून, हातात काठी आणि बॅटरी घेऊन, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून जातात. दादा एकटा जात होता आणि बॅटरी घरीच ठेवून जात होता, हे वहिनीने फोन ठेवता ठेवता सांगितले. मी त्याच रात्री मोटारसायकल काढली.

सकाळी पडवीत बसल्यावर मी त्याला सरळ विचारले, "जिवाचे काही बरेवाईट करायचे मनात येते का?" असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे, उलट ज्याच्या मनात तो असतो, त्याला तो बोलून टाकायला वाट मिळते. दादा बराच वेळ गप्प राहिला आणि मग आत जाऊन खताच्या दुकानाची एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. तिच्यात पट्ट्या, बिले, हप्त्यांच्या नोटिसा असे सगळे कोंबलेले होते. आम्ही ते जमिनीवर मांडले. गावच्या सहकारी सोसायटीचे पीककर्ज २ लाख ४० हजार, ट्रॅक्टरचे राहिलेले २ लाख १० हजार, वहिनीच्या दागिन्यांवर उचललेले ९५ हजार, औषधदुकानाची उधारी ८६ हजार आणि घरात कोणालाही ठाऊक नसलेले, दरमहा शेकडा तीनने घेतलेले दीड लाख. म्हणजे वर्षाला ५४ हजार रुपये नुसते व्याज.

हे दीड लाख त्याने चैनीसाठी घेतले नव्हते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर व्याज सवलतीमुळे ते बिनव्याजी पडते. म्हणून मार्चअखेर आला की खिशात पैसे नसलेला शेतकरीही कुठून तरी आणून भरतो आणि कर्जाचे नवे-जुने करून घेतो, म्हणजे जुने फेडून लगेच नवे उचलतो. नवे कर्ज हातात पडायला उशीर झाला किंवा ते उधारीतच गेले, की मधल्या सावकाराचे व्याज चालू राहते. शून्य टक्क्याची सवलत राखण्यासाठी छत्तीस टक्क्यांत अडकणे, हे पुण्यात पगार घेणाऱ्याला चटकन समजत नाही. मलाही समजले नव्हते.

एकूण बेरीज ७ लाख ८१ हजार निघाली. दादाच्या डोक्यात पंधरा लाखांचा आकडा होता, कारण रात्रीच्या विचारांत तो तेच देणे पुन्हापुन्हा मिळवत होता. बेरीज दोनदा तपासून झाल्यावर त्याने प्यायला पाणी मागितले.

आता दाजींविषयी. आमच्या बहिणीचे यजमान कोथरूडला असतात आणि त्यांचे मत असे की शेतकरी हिशेब ठेवत नाही, लग्नकार्यात पैसा उधळतो, म्हणून एक एकर विकावा आणि ठेवीच्या व्याजावर निवांत बसावे. त्या दिवाळीत हे त्यांनी दादाच्या तोंडावर, सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितले होते. आजोबांच्या नावामागून ज्याचे नाव सातबाऱ्यावर लागले आहे, त्याला जमीन विक म्हणणे म्हणजे तू नालायक निघालास असे सांगणे होय, हे मला तेव्हाच बोलायला हवे होते आणि मी जेवणाच्या ताटाकडे बघत बसलो. दादा हिशेब ठेवत होता, ती पिशवी त्याचा पुरावा आहे. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरमध्ये बंदी, हे कोणत्या वहीत आधी लिहून ठेवायचे होते? ती बंदी मे २०२४ मध्ये उठली, तोवर आमचा कांदा खाऊनसुद्धा झाला होता. आम्ही जमीन विकली नाही. ट्रॅक्टर विकून त्याचे कर्ज मिटवले आणि भाड्याने नांगरून घेऊ लागलो. व्याजाने देणारा भावकीतला होता. २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून सहकार खात्याच्या तालुक्यातील सहायक निबंधकांकडे त्याची तक्रार करता येते, एवढे त्याच्या कानावर घातल्यावर तो केवळ मुद्दलावर तयार झाला.

मात्र हिशेबाने सगळे सुटले, असे समजू नका. ते मी अगोदरच लिहायला हवे होते. बेरीज झाल्यानंतरही तीन आठवडे दादाला झोप नव्हती. शेवटी आम्ही त्याला पोटाच्या डॉक्टरकडे नेतो असे सांगून पुण्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे आणले, कारण खरे सांगितले असते तर गावभर 'येरवड्याला नेले' असे झाले असते. असे खोटे बोलणे चांगले नाही, पण त्या वेळी दुसरे सुचले नाही. गोळ्या आठ महिने चालल्या आणि डॉक्टरांनीच त्या हळूहळू बंद केल्या. फवारणीची औषधे मात्र हिशेब मांडला त्याच दिवसापासून घराबाहेरच्या खोलीत कुलपात आहेत आणि किल्ली वहिनीकडे असते. आपण हे पहिल्याच भेटीत करावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य चालतो आणि मराठीतून बोलता येते, तोही भावाला पाठवण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून लावावा.

मी सगळे स्वतःची जमीन असलेल्या शेतकऱ्याविषयीच लिहिले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत शेतीशी संबंधित ११,२९० आत्महत्यांपैकी ६,०८३ शेतमजुरांच्या आहेत आणि त्यांच्याकडे मांडून बसायला सातबाराही नसतो. आपल्या भावाकडे कांदा काढायला येणाऱ्यांची मजुरी थकली असेल, तर बेरजेत ती सर्वांत वर लिहा.

आपण विचारले होते पुण्यात राहून काय करता येईल. फारसे काही नाही. शनिवारी गावी जा.

राहता राहिली एक गोष्ट, जी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. सावकाराचे मुद्दल फेडायला लाख रुपये दाजींनीच दिले, तेही कागद न करता, आणि प्रत्येक कार्यात ते चारचौघांत आठवणीने सांगितले. दादाने गेल्या हंगामात ते फेडले आणि पैसे पोहोचल्याची चिठ्ठी त्यांच्या सहीने लिहून घेतली. ती त्याच पिशवीत आहे.