पाइप सारखा विझतो आणि जीभ पोळते. नवशिक्याने तंबाखू कशी भरावी?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा की, परदेशातल्या भावाने तुम्हाला ब्रायरचा, म्हणजे एका झुडपाच्या गाठीच्या लाकडाचा, पाइप पाठवला आहे, तुम्ही नागपुरातच राहता, तीन थरांत तंबाखू भरण्याची पद्धत तुम्हाला पाहून पाहून पाठ झाली आहे, आणि तरीही पाइप घडीघडी विझतो व दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा जिभेला झोंबतो. म्हणून भरण्याची बिनचूक पद्धत कोणती आणि पहिली तंबाखू कोणती घ्यावी, हे तुम्हाला हवे आहे. एवढेच असते तर मी लिहायला बसलो नसतो. पण शेवटी तुम्ही असेही लिहिले आहे की, जाणकारांच्या मते खऱ्या पाइप ओढणाऱ्याला दुसरी काडी लागत नाही. हे वाक्य मी धरमपेठेतल्या एका दिवाणखान्यात वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि ते साफ चुकीचे आहे.

पाइप विझतो. तो सगळ्यांचाच विझतो. सिगारेटच्या कागदात जळण टिकवणारी द्रव्ये मिसळलेली असतात, त्यामुळे ती हातात धरून ठेवली तरी जळत राहते. पाइपच्या बाऊलमध्ये, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीत, नुसते पान असते आणि ते तुमच्या श्वासावर धुमसते. गप्पांत गुंतलात, पुस्तकाचे पान उलटले, दारावर कोणी आले, की विझले. मग काडी ओढावी आणि पुन्हा पेटवावा, यात कसलीही नामुष्की नाही. नामुष्की टाळण्यासाठी जो माणूस भात्यासारखे झुरके घेत राहतो, त्याचीच जीभ पोळते. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून निघतात, आणि ते ठिकाण भरण्याच्या पद्धतीत नसून तंबाखूच्या ओलेपणात आहे.

डब्यातून किंवा पाकिटातून निघणारी तंबाखू बहुतेक वेळा ओढण्याजोगी कोरडी नसते. प्रवासात आणि दुकानात ती टिकावी म्हणून तिच्यात ओल राखलेली असते, आणि सुगंधी प्रकारांत तर ओल धरून ठेवणारे द्रव्यही घातलेले असते. ती तशीच भरली की निखाऱ्याची बरीच शक्ती पाणी उडवण्यात जाते. त्या पाण्याची वाफ दांडीतून येते. थोडी वाटेतच निवून तिचे पाणी होते व गुडगुड वाजते आणि उरलेली तुमच्या जिभेवर उतरते. कोरड्या धुरापेक्षा वाफ कितीतरी जास्त उष्णता वाहून आणते, हे ज्याने एकदा कुकरच्या शिट्टीवर हात धरला आहे त्याला सांगायला नको.

माझी सगळी नोकरी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरच्या बाजूला गेली. तिथे दगडी कोळसा गिरणीत पिठासारखा दळला जातो आणि दळला जात असतानाच गरम हवेने वाळवून मग भट्टीत फुंकला जातो. पावसाळ्यात ओला कोळसा आला की आमच्या तोंडचे पाणी पळत असे. ज्वलनाचा हा धडा पगार घेऊन शिकल्यामुळे, तंबाखू वाळवावी की नाही हा प्रश्न मला कधी प्रश्न वाटलाच नाही. धरमपेठेतल्या माझ्या थोरल्या साडूंना मात्र तो वाटतो. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, इंग्रजी वळणाचे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे पाइपांची एक लाकडी घडवंची आहे, आणि तंबाखू वाळवणे म्हणजे तिचा कस घालवणे, अशी त्यांची ठाम समजूत आहे. मी पाइप नवीन घेतला होता तेव्हा त्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर तो स्वतःच्या हातांनी भरून दिला, तो काही क्षणांत विझला, आणि ते हसून म्हणाले, “तुमच्याच्यानं व्हायचं नाही हे. तुम्ही आपला खर्रा घोटा.” मी आयुष्यात खर्रा खाल्लेला नाही, पण कोराडीच्या वसाहतीत राहणारा माणूस पन्नीत सुपारी-तंबाखूच घोटत असणार, हे धरमपेठेने गृहीत धरले होते. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

त्याचा निकाल एका तान्ह्या पोळ्याला लागला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे सगळे कुटुंब साडूंकडे जमते. सकाळी मुलांना इतवारीत पिवळ्या आणि काळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक दाखवून आणायची आणि संध्याकाळी नातवंडांचे लाकडी बैल सजवून त्यांना गल्लीत पाठवायचे, हा शिरस्ता आहे. त्या दिवशी दुपारभर पाऊस पडून गेला होता, गच्चीवरच्या खुर्च्या पुसल्या तरी ओल्या लागत होत्या आणि काडेपेटीचा गुल चिकट झाला होता. वाद नेहमीप्रमाणे दुसऱ्या काडीवरून निघाला. मी त्यांना म्हणालो की, भाऊसाहेब, पाइप सावकाश ओढण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, त्यांचा नियम साधा आहे: प्रत्येकाला ३ ग्रॅम तंबाखू आणि २ काड्या, भरायला ५ मिनिटे, पेटवायला १ मिनिट, आणि त्यानंतर विझला की माणूस बाद. मुरलेले लोक तेवढ्या चिमटीवर ३ तासांहूनही अधिक काळ निखारा जागता ठेवतात. तुमच्याच तत्त्वाची ही परीक्षा आहे, तेव्हा होऊन जाऊ द्या.

त्यांच्या सूनबाईंनी केक करण्याचा वजनकाटा वर आणून दिला. तंबाखू साडूंच्या डब्यातली, दोघांना एकाच डब्यातली, नवीन उघडलेली. मी एवढीच अट घातली की माझा वाटा मला अर्धा-पाऊण तास आधी मिळावा. तो मी वर्तमानपत्रावर पसरला आणि टेबललॅम्पच्या बल्बखाली सरकवला, तेव्हा साडूंनी “पापड घालताय काय?” असे विचारून सगळ्यांना हसवून घेतले. मी मधूनमधून बोटांनी ती परतत होतो. आधी तिची चिमूट दाबली की गोळा होऊन तशीच राहत होती, कागदावर तपकिरी डाग पडत होता. नंतर दाबलेली चिमूट सोडताच आपोआप उलगडू लागली, पण बोटांत तिचा चुरा होत नव्हता. नेमकी हीच खूण तुम्ही ओळखायला शिका, बाकीचे सगळे नंतर.

साडूंनी डब्यातून काढून थेट भरली, अंगठ्याने दाबली, आणि ऐटीत पहिल्याच काडीत पेटवली. दुसरी काडी त्यांनी माझ्याकडे पाहत खिशात टाकली. माझ्या दोन्ही काड्या लागल्या. पहिलीने वरचा थर फुलून उठला, तो टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या दट्ट्याने, बसवला, दुसरीने सगळ्या तोंडावर गोल फिरवून निखारा केला. पोरे बैल घेऊन खाली उतरली तेव्हा दोघांचेही चालू होते. थोड्याच वेळात साडूंच्या दांडीतून गुडगुड ऐकू येऊ लागली. त्यांचे झुरके लांबले, गाल आत जाऊ लागले, बाऊल हातात धरवेना म्हणून ते रुमालाने धरू लागले, आणि पोरे कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळापर्यंतही पोचली नसतील, तोच त्यांचा पाइप थंड झाला. खिशातली काडी काढण्याची त्यांना नियमाने मुभा नव्हती. त्यांनी ती काढली, आणि ती दमट झाली होती. पोरे खाऊचे पुडे आणि पैसे घेऊन घरोघर हिंडून परत आली, बैलांच्या झुली सुटून लोंबत होत्या, तेव्हाही माझ्या बाऊलमधून बारीक धूर येत होता. आमच्या मंडळी जिन्यात उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, “झालं का तुमचं? खाली पानं वाढलीत.”

साडूंनी हार मानलेली नाही, हे सांगायलाच हवे. त्यांचे म्हणणे असे की हवा दमट होती आणि वाळलेली तंबाखू ओढून शर्यत जिंकता येते, चव मिळत नाही. हवा दोघांना एकच होती. चवीचे म्हणाल तर उकळत्या वाफेखाली जिभेला कसलीच चव कळत नाही. आणि त्या शर्यतीवरून रोजच्या बैठकीतही पाइप विझू देऊ नये, असा अर्थ कोणी काढू नये. मी स्वतः एरवी हव्या तितक्या वेळा पुन्हा पेटवतो.

नागपूरच्या हवेत ही ओल ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून पुण्यामुंबईच्या माणसाने सांगितलेले मिनिटांचे हिशेब आपल्या कामाचे नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि हवा इतकी कोरडी असते की उघड्या कागदावर तंबाखू ठेवून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत तिची पूड झालेली असेल. पावसाळ्यात त्याच कामाला दिव्याची ऊब लागते. आणि उन्हाळ्यात कूलरसमोर बसून पाइप ओढू नका. कूलरचे वारे ओले असते, त्याशिवाय ते थेट बाऊलच्या तोंडावर आदळून निखारा भडकवते, आणि मग पाइप एकाच वेळी गरमही होतो आणि गुडगुडतोही. फुटाळा तलावाच्या काठावर वाऱ्यात पाइप घेऊन बसण्याची हौस असेल, तर तीही याच कारणासाठी आवरा.

आता भरण्याविषयी. खालचा थर लहान मुलाच्या हाताने, मधला बाईच्या हाताने आणि वरचा पुरुषाच्या हाताने दाबावा, असे एक जुने वचन सगळीकडे घोकले जाते. ज्याने आमच्या घरच्या बायकांना खलबत्त्यात ठेचा कुटताना पाहिले आहे तो असले वचन करणार नाही. त्यातले तथ्य एवढेच की खाली सैल आणि वर किंचित घट्ट भरावे. तंबाखू चिमटीने सोडून बाऊल शिगोशीग भरू द्यावा, हलकेच अर्ध्यावर बसवावा, पुन्हा सोडावी, आणि शेवटी बोट ठेवले तर गादीसारखे दबून वर यावे इतपतच दाबावे. न पेटवता एक श्वास ओढून पाहावा. हवा सहज यावी, पण मोकळ्या नळीसारखी नव्हे. अडखळली तर सगळे उपसून पुन्हा भरावे. पेटवल्यावर दुरुस्ती होत नाही. पहिली काडी फक्त वरचा थर करपवण्यासाठी असते, खरा पाइप दुसरीने पेटतो. त्यानंतर टॅम्परने राख नुसती बसवायची, ठोकायची नाही.

धूर छातीत घ्यायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तो तोंडातही जोराने ओढायचा नसतो. गरम दुधाच्या पेल्याला ओठ लावून चाखावे तितकाच घ्यायचा आणि मधूनमधून उलटा हलका श्वास दांडीत सोडायचा, म्हणजे निखारा जागा राहतो. बाऊल गालाला लावून पाहा. गालाला सोसत नसेल तर पाइप खाली ठेवा, विझू द्या, पाणी प्या. गुडगुड आली की दांडीतून पाइप क्लीनर, म्हणजे धागे गुंडाळलेली मऊ तार, घालून ओल टिपून घ्या. त्यासाठी गरम पाइपची दांडी उपसू नका, जोड सैल होतो, कधी तडकतोही.

तंबाखूच्या नावांत मी फारसा शिरत नाही. व्हॅनिला आणि चेरीच्या वासाच्या तंबाखूने सुरुवात करा असे सगळे सांगतात, कारण ती खोलीत छान दरवळते. पण तीच सर्वांत ओली असते आणि वाळायला सर्वांत जास्त वेळ घेते. निव्वळ व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूत साखर जास्त असल्यामुळे घाईने ओढणाऱ्याला ती चावते. बर्ली या दुसऱ्या जातीचा भाग जास्त असलेले साधे मिश्रण मिळाले तर नवशिक्याला ते बरे. लताकिया नावाची तंबाखू धुरावर मुरवलेली असते, तिच्या वासाने घरचे तुम्हाला बाहेर काढतील. भावाला आणखी काही पाठवायला सांगणार असाल, तर मक्याच्या कणसाचा साधा पाइप मागवा. अमेरिकेत मिसुरी राज्यात ते १८६९ पासून बनतात, दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनानी जनरल मॅकआर्थर यांच्या छायाचित्रांत तोच दिसतो, आणि शिकताना तो करपला तरी जीव हळहळत नाही. ब्रायर ही भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ असते. ती ओल शोषते, म्हणून एकदा ओढलेला पाइप पुढचा एक दिवस तरी वाळू द्यावा. आतला काजळीचा थर पातळ नाण्याइतका होऊ द्यावा, त्याहून जाड झाला तर खरवडावा.

उपाशीपोटी ओढू नका. उचकी, घाम किंवा मळमळ सुरू झाली तर ते निकोटिन आहे. पाइप ठेवून काहीतरी गोड खा.

आणि हे आधी लिहायला हवे होते असे कोणी म्हणेल, तर म्हणो: धूर गिळत नाही म्हणून पाइप निरुपद्रवी आहे, असे साडूही मानतात आणि तिथेही ते चुकतात. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही शरीरात जाते आणि पाइपमुळे ओठाचा, तोंडाचा, घशाचा व फुप्फुसाचाही कर्करोग होतो. ज्या खर्र्यावरून मला टोमणा मारला गेला, त्यातही पान तंबाखूचेच असते आणि पाइपमध्येही तेच, त्यामुळे घडवंचीवर ब्रायर मांडून ठेवणाऱ्याने पानठेल्यावरच्या माणसाकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. तुम्हाला आज कोणतेच व्यसन नसेल तर भावाचा पाइप कपाटात शोभेला ठेवा, असेच मी सांगेन. ओढायचाच असेल तर क्वचित ओढा, आणि ओठाच्या किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, किंवा एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर जीभ पोळली असेल म्हणून थांबू नका, दंतवैद्याला दाखवा.