जिरा, गिटहब आणि स्लॅक जोडून रिलीज नोट्स आपोआप कशा प्रसिद्ध कराव्यात?

रत्नागिरीत आंबा बागायतदारांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर करताना आम्ही हीच जोडणी वापरतो: कामांची तिकिटे जिरात, कोड गिटहबवर आणि टीमचे संदेश स्लॅकवर. रिलीज नोट्स म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदलले याची यादी. मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टवरून (मूळ कोडमध्ये सामील झालेल्या बदलांच्या प्रस्तावांवरून) नोट्स तयार करण्याची सोय गिटहबमध्ये २०२१ पासून आहे, आणि लेबलांनुसार त्यांचे गटही पाडता येतात. नवा टॅग (आवृत्तीची खूण) पडताच चालणारे वर्कफ्लो, म्हणजे आपोआप होणाऱ्या पायऱ्यांची मालिका, गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये लिहावे. त्याने आधी रिलीज तयार करावे आणि पुढच्याच पायरीत तो मजकूर स्लॅकच्या इनकमिंग वेबहुककडे (चॅनेलवर संदेश टाकणाऱ्या खास वेब पत्त्याकडे) पाठवावा. या दोन्ही पायऱ्या एकाच वर्कफ्लोत ठेवाव्यात, कारण गिटहबच्या अंगभूत टोकनने (वर्कफ्लोला मिळणाऱ्या परवानगीच्या किल्लीने) तयार झालेले रिलीज दुसरे वर्कफ्लो सुरू करत नाही, आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते.

जिरा गिटहबशी जोडलेले असेल, तर पुल रिक्वेस्ट तिकिटाला जोडली जाण्यासाठी ब्रँचच्या (कोडच्या स्वतंत्र शाखेच्या) नावात तिकिटाचा ABC-123 असा पूर्ण क्रमांक असला की पुरते.

खरी मेहनत मात्र पुल रिक्वेस्टच्या शीर्षकावर घ्यावी लागते, कारण तेच जसेच्या तसे नोट्समध्ये उतरते. ‘बग फिक्स’ यावरून बागायतदाराला काहीच कळत नाही. ‘पेटीचे वजन दोनदा धरले जात होते, ते दुरुस्त केले’ असे लिहिले, तर त्याला आपला जुना हिशेब पुन्हा तपासावासा वाटतो.

हे सर्व गिटहबच्या सर्व्हरवरच चालवावे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की कार्यालयातील संगणक बंद पडतो. वेबहुकचा पत्ता कोडमध्ये न लिहिता रिपॉझिटरीच्या सीक्रेट्समध्ये ठेवावा, कारण तो हाती लागलेला कोणीही तुमच्या चॅनेलवर संदेश टाकू शकतो.