डॉक्टर की इंजिनिअर? नस जागी करणाऱ्या तासभराच्या विजेविषयी

प्रश्न : मी गोव्यातल्या साखळीची, बारावी सायन्सला. चार महिन्यांपूर्वी काजूच्या बागेत कोयता लागून बाबांच्या मनगटाची नस तुटली. ती शिवली, पण बोटं अजून बधिर आहेत. वीज देऊन नस वाढवता येते, असं वाचलं. हेच काम करायचं तर डॉक्टर होऊ की इंजिनिअर? फिजिक्स आवडतं, गणित आहे. बायोलॉजी पाठ करावी लागते.

उत्तर : आधी बाबांचं. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत वीतभर अंतर. शिवलेली नस, म्हणजे मज्जातंतू, दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी सहा-सात महिने, आणि टाका ओलांडण्यात आधीच काही आठवडे जातात. चार महिन्यांनी बोटं बधिर आहेत म्हणून शस्त्रक्रिया फसली असं समजू नका. तापलेला तवा मात्र त्यांना कळणार नाही, तेवढं जपा.

तू वाचलंस ते त्या टाक्याशीच निगडित आहे. २००० साली कॅनडात टेसा गॉर्डन यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं, की नस शिवल्याबरोबर टाक्याच्या वरच्या बाजूला सेकंदाला २० वेळा, फक्त १ तास वीज दिली, तर आठ-दहा आठवड्यांचं काम तीन आठवड्यांत होतं. तंतूंचा वेग वाढत नाही, ते टाका लवकर ओलांडतात. विजेचा संदेश पाठीच्या कण्यातल्या पेशीपर्यंत पोचतो आणि तिथे वाढीची तयारी सुरू होते. म्हणून घरी बोटांना मशीन लावून हा परिणाम मिळणार नाही. कृपा करून तसले प्रयोग करू नका.

पुढे माणसांवरही चाचण्या झाल्या. अडचण आहे ती त्या तासाची. शस्त्रक्रिया संपल्यावर आणखी तासभर थिएटर अडवून ठेवणं सोपं नाही. नसेजवळ बारीक तार ठेवून वॉर्डातच वीज देता आली आणि तार अलगद काढता आली, तर कितीतरी रुग्णांना लाभ होईल. अशी तार, असं छोटं यंत्र बनवणं हे इंजिनिअरचं काम. तुझं पत्र वाचून मला वाटतं, तुझी जागा इथे आहे. सर्जन व्हायचं तर नीटची परीक्षा, एमबीबीएस, एमएस, मग प्लास्टिक सर्जरी, अशी अकरा-बारा वर्षं लागतात. पाठांतराचा कंटाळा घेऊन त्या वाटेला जाऊ नकोस.

फोंड्याजवळ फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स घे. एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी हे मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एमटेक चालवतात. तिथे इंजिनिअरला हॉस्पिटलात उभं राहून शिकावं लागतं. बायोलॉजी तिथे लागेलच, पण पाठांतरासाठी नाही.

बाबांच्या पुढच्या तपासणीला सोबत जा. नसांची विजेवरची चाचणी होत असेल, तर परवानगी घेऊन बघ. तुझे डोळे पडद्यावरच्या रेषेवर खिळतात की बाबांच्या अंगठ्यावर, ते मला लिही.