तारखेची पुण्यतिथी कशी?

एका वाचकाचा प्रश्न: 1 ऑगस्टच्या दिनविशेषात 'लोकमान्य टिळक पुण्यतिथी' आणि 'अण्णाभाऊ साठे जयंती' असतं. 1 ऑगस्ट ही तारीख, मग तिथी कशी? 'पुण्यदिनांक' म्हणावं का?

कृपा करून नको. पुण्यतिथी रूढ आहे, राहू द्या. फारच टोचत असेल तर स्मृतिदिन म्हणा. फक्त 'पुण्यतिथी दिन' नको, आणि 'पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा' तर मुळीच नको. आमच्या चौकात असा फलक लागला होता, झेंडूच्या हारासकट.

तिथी चंद्राची, तारीख सूर्याची, हा ठोकताळा भाषाशुद्धीवाल्यांचा. 'तारीख' या अरबी शब्दाच्या पोटातच चंद्र आहे! हिब्रूत 'यारेअह' म्हणजे चंद्र, 'येरह' म्हणजे महिना. इथिओपियाच्या जुन्या गीझ भाषेत 'वर्ख' म्हणजे दोन्ही. तारीख याच कुळातली. ती फारसी 'माह-रोज'वरून (महिना-दिवस) आली, ही कथा अकराव्या शतकातल्या अल्-बीरूनी या पंडिताने सांगितली म्हणून अजून फिरते. ज्योतिषात तो थोर, पण 'माह-रोज'चं आधी 'मुअर्रख' करायचं आणि त्यातून 'तारीख' काढायची, ही व्युत्पत्ती नव्हे, कसरत आहे. पेशवाईतली पत्रं पाहा: 'छ 5 सफर'. सफर हा मुसलमानी चांद्र महिना. तो 'छ' म्हणजे चंद्र. कारकुनाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

याच तारखेचं अनेकवचन तवारीख, म्हणजे इतिहास. दिनविशेष म्हणजे तवारिखीतली एक तारीख सुटी काढून फळ्यावर लिहायची. 1 ऑगस्ट 1920 चंच घ्या. वाटेगावात अण्णाभाऊंचा जन्म, देशात असहकाराची सुरुवात आणि मुंबईत सरदारगृहात टिळकांचा मृत्यू, सगळं एकाच तारखेला. पण टिळक गेले मध्यरात्र उलटल्यावर, सूर्योदयाच्या आधी. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. म्हणजे घड्याळाने रविवार, पंचांगाने अजून शनिवारच. पंचांगशुद्धीसाठी आयुष्यभर भांडलेल्या माणसाच्या बाबतीत हे व्हावं!

हां, जयंती राहिलीच. श्रावण वद्य अष्टमीला रोहिणी नक्षत्र आलं की त्या योगाला जयंती म्हणत, म्हणजे कृष्णजन्माचा योग. मूळ अर्थालाच चिकटायचं ठरवलं, तर कृष्णाखेरीज कुणाचीच जयंती करता येणार नाही.