लवकर जन्मलेलं मूल आणि आईची घाई

"मॅडम, याच्या मेंदूची वाढ नीट झाली असेल ना हो?" हा प्रश्न इतक्या आयांनी विचारलाय, की आता वाक्य पुरं व्हायच्या आत कळतं, बाळ काचेच्या पेटीत होतं.

ही आई त्यातलीच. मुलगा 28व्या आठवड्यात झालेला, आता आठ वर्षांचा. वाचन छान, पण गणितात गाडी अडते, फळ्यावरचं उतरवून घेण्यात सगळ्यात शेवटी, तीन कामं एकदम सांगितली की एकच लक्षात राहतं. शाळेचा शेरा "लक्ष नसतं". आईचं मात्र एकच पालुपद, मीच त्याला पूर्ण दिवस पोटात ठेवू शकले नाही.

मी तिला सांगितलं, शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूला घड्या पडत असतात, निरोप नेणाऱ्या तंतूंवर आवरण चढायची तयारी चालू असते. 32 आठवड्यांच्या आधी आलेल्या बाळाचं हे काम एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या उजेडात, आवाजात, सुया टोचून घेत चालतं. म्हणून या मुलांमध्ये लक्ष, गणित, कामाचा वेग, हाताचं वळण, चिंता यांच्या अडचणी जास्त दिसतात, सगळ्यांनाच येतात असं नाही, आणि बऱ्याचदा शाळेत गेल्यावरच कळतात. यात तुमची चूक कुठे आली?

तिने मान डोलावली, पटलं काही नव्हतं.

चौथ्या भेटीत मी मुलाला विचारलं, सुट्टीत काय केलंस? तो छताकडे बघायला लागला. लगेच आई, "सांग ना, सायकल शिकलास ना?" मी तिला खुणेने थांबवलं आणि मनात आकडे मोजले. नऊला तो म्हणाला, "सायकलवरून पडलो. पण रडलो नाही."

आईच रडली. "मी आठ वर्षं याची उत्तरं खाल्ली का हो?"

"तुम्ही मॉनिटरसमोर बसून काढलेत ते दिवस. तिथे श्वासात जरा खंड पडला की अलार्म वाजायचा. तुमचा अलार्म अजून चालूच आहे." हे बोलताना माझं मलाच उमगलं. मुलाच्या मेंदूबद्दल सगळे बोलतात हो, पण आईच्या अंगात मुरलेली ती भीती कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते नातं निवांत झालं की मूल अर्धं मोकळं होतं.

बाकी कामाचं: एका वेळी एकच सूचना द्या, फळ्यावरचं छापून मागा, परीक्षेत जादा वेळ मागा, डोळे-कान तपासा. मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांकडे डिस्चार्जची फाइल घेऊनच जा, कारण आठव्या वर्षी जन्माचे आठवडे विचारायचे राहूनही जातात.

गणित त्याचं अजून अडतंच. आई हल्ली मोजते, कधी सात, कधी बारा.