जुन्या हेरकथा आजच्या काळात आणल्यावर त्यांत मूळचे काय उरते?

शेरलॉक होम्ससारख्या जुन्या गुप्तहेराला मोबाइलच्या जमान्यात आणणाऱ्या मालिका मूळ कथांशी प्रामाणिक राहतात का, असे आपण विचारले आहे. घोडागाडी जाऊन टॅक्सी आली किंवा तारेच्या जागी एसएमएस आला, म्हणून काही बिघडते असे मला वाटत नाही. गुप्तहेर ज्या वस्तूवरून तर्क बांधतो, तिच्या जागी तितकीच बोलकी वस्तू ठेवता आली आहे का, एवढेच मी पाहतो.

बीबीसीच्या ‘शेरलॉक’चा २०१० मधला पहिला भाग, ‘अ स्टडी इन पिंक’, या कसोटीला पुरेपूर उतरतो. कॉनन डॉइल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’ या १८९० च्या कादंबरीत होम्स आपला मित्र आणि सहकारी वॉटसन याचे खिशातले घड्याळ हातात घेतो आणि थरथरत्या हाताने किल्ली देताना भोकाभोवती पडलेल्या असंख्य ओरखड्यांवरून, ते पूर्वी वापरणारा वॉटसनचा थोरला भाऊ दारुडा होता, हे ओळखतो. गहाणवटदाराने आतल्या बाजूला कोरलेले आकडे त्याच्या ओढगस्तीची साक्ष देतात. मालिकेत त्या घड्याळाचा मोबाइल झाला आहे, ओरखडे चार्जरच्या भोकाभोवती आले आहेत आणि गहाणाच्या आकड्यांऐवजी फोनवर कोरलेले, पत्नीने भेट दिल्याचे शब्द आहेत. तर्काची साखळी मात्र जशीच्या तशी राहिली आहे. फरक एवढाच की, शेरलॉक ज्याला भाऊ समजतो ती बहीण निघते; मूळ कथा पाठ असलेल्या प्रेक्षकालाही लेखकांनी असे अलगद चकवले आहे.

अमेरिकेतील ‘एलिमेंटरी’ (२०१२ ते २०१९) या मालिकेने वेगळी वाट धरली. डॉइल यांच्या काळात कोकेन कायदेशीर होते, त्यामुळे होम्सचे व्यसन ही कथेत एक लहर म्हणून खपून जाते; न्यूयॉर्कमधल्या या होम्सला मात्र व्यसनमुक्तीचे उपचार घ्यावे लागतात आणि त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी नेमलेली माजी शल्यविशारद, जोन वॉटसन, पुढे त्याची सहकारी होते. रहस्ये बेताचीच असली, तरी हा बदल मला फार समंजस वाटला.

एक गोष्ट मात्र कोणत्याही आधुनिक रूपात नीट उतरत नाही, ती म्हणजे माणसाच्या अंगावर उमटलेला त्याचा धंदा. हातांच्या ठेवणीवर धंद्याचा काय परिणाम होतो यावर आपण पुस्तिका लिहिल्याचे होम्स सांगतो आणि तिच्यातल्या कारागिरांच्या यादीत विणकरही आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही. सुताशी झटणारी आणि विड्या वळणारी बोटे आम्हीही लांबून ओळखतो. दिवसभर कीबोर्डवर चालणाऱ्या बोटांवरून मात्र तो माणूस बँकेत आहे, विम्यात आहे की विद्यापीठात, हे होम्सलाही सांगता येणार नाही. मग पटकथाकार पडद्यावर अक्षरे नाचवतात, निष्कर्ष झरझर येतात, पण खूण काय होती हे आपल्याला धड दिसतही नाही आणि गुप्तहेराचा जादूगार होतो. ‘शेरलॉक’च्या पुढच्या भागांचे बऱ्याच अंशी हेच झाले.

आपल्याला स्वतः ताडून पाहायचे असेल, तर ‘द साइन ऑफ फोर’चे पहिले प्रकरण वाचून लगेच ‘अ स्टडी इन पिंक’ पाहावा. घड्याळ आणि विणकर दोन्ही त्याच प्रकरणात भेटतील. ‘शेरलॉक’चे २०१७ चे भाग राहिले तरी चालतील.